आठ सिलिंडरचा हट्ट

विठ्ठलवाडी स्टेशनापासून पाच मिनिटांवर, पिठाची गिरणी आणि गादीवाल्याचं दुकान यांच्या मध्ये, भगवान गमरेचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली ऑइलने काळी पडलेली जमीन आणि दोन रिक्षा जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा. त्यातली एका रिक्षाची जागा बेचाळीस वर्षं एका इंजिनाने अडवून ठेवली होती.

इंजिन अमेरिकन. फोर्ड मस्टँगचं, एकोणसत्तर सालचं, पाच लिटरचं. आठ सिलिंडर, चार या अंगाला तिरके, चार त्या अंगाला तिरके, म्हणून त्याला व्ही-एट म्हणायचं. आपल्या साध्या मोटारीचं इंजिन त्याच्या शेजारी ठेवलं तर रेड्याशेजारी शेळी बांधल्यासारखं दिसेल. रिक्षावाले आत डोकावले की हमखास विचारायचे, काका, हे चालू होतं का? भगवान म्हणायचा, होतं. मग दुसरा ठरलेला प्रश्न यायचा, किती देतं? आपल्या लोकांना गाडीबद्दल एवढं एकच विचारता येतं, लिटरला किती किलोमीटर. भगवानचंही उत्तर ठरलेलं होतं.

"देत नाही. घेतं."

त्याची बायको रमाबाई त्या इंजिनाला घरजावई म्हणायची. जागा अडवतो, वर्षाला तेल पितो, काडीचं काम करत नाही, आणि वर तोंडं आठ. पण हे म्हणायचा हक्क तिचा एकटीचा. शेजारचा गादीवाला एकदा तेच म्हणाला तर तिने त्याची अशी खरडपट्टी काढली की तो महिनाभर मान वर करून बघत नव्हता.

यंदाच्या उन्हाळ्यात करिश्मा नावाची एक इंटिरिअर डिझायनर गॅरेजात आली. कोणीतरी तिला इंजिनाचा फोटो पाठवला होता. घोडबंदरच्या कुठल्याशा टॉवरमध्ये बत्तिसाव्या मजल्यावर दिवाणखाना सजवायचा होता, आणि तिला हे इंजिन धुऊन, चकचकीत करून, वर काच टाकून टीपॉय करायचा होता. हल्ली अशी फॅशन आहे म्हणे. तिने जो आकडा सांगितला तो ऐकून रमाबाईच्या हातातला चहा कपाऐवजी बशीत पडला. भगवानने हात पुसले आणि म्हणाला, "बाई, टीपॉय मेलेल्या लाकडाचा करतात. हे जिवंत आहे."

ती गेल्यावर मुलगा तावातावाने बोलला, सून बोलली, व्याह्यांचा फोन आला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो असं सगळ्यांचं एकमत झालं. ते साफ खोटं होतं. भगवान तरुणपणीच हट्टी झाला होता, आणि कुठल्या दिवशी झाला तेही सांगता येतं.

त्र्याऐंशी साली भगवान बावीस वर्षांचा होता. गुहागरकडून आलेला, बौद्धवाडीतला, हाताने हुशार. ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे एका गल्लीत गुणाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथे तो कामाला होता. गुणाजीचं तेव्हा ठाण्यात मोठं नाव होतं, आणि नाव कशासाठी, तर अमेरिकन गाड्यांची पोटं फाडण्यासाठी. त्या काळात ज्याच्या दारात इम्पाला, डॉज, प्लायमाउथ असेल तो पेट्रोल पाजून पाजून टेकीला आलेला असायचा. मग तो गुणाजीकडे यायचा. गुणाजी आठ सिलिंडरचं इंजिन उपटून काढायचा आणि तिथे टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचा. वाघाला शेळीचं काळीज. काढलेलं इंजिन भंगारात जायचं. भगवानने स्वतःच्या हातांनी अशी अकरा इंजिनं उपटली होती आणि प्रत्येक वेळी त्याला जेवण गेलं नव्हतं.

बारावी गाडी मस्टँग. बाळकुमच्या साईनाथ भोईर शेठची. वकिलातीतला कोणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती लिलावात निघाली आणि शेठनी हौसेने घेतली होती. दोन दारांची, लांब नाकाची, लाल. ती बाळकुमहून गॅरेजात आणायचं काम भगवानला मिळालं. घोडबंदर रस्ता तेव्हा मोकळा असायचा. भगवानने एकदाच, फक्त एकदाच, पाय पूर्ण दाबला. पाठ सीटला चिकटली, आणि पुढच्या लांब नाकाखालून असा घनगंभीर आवाज आला की त्याला वाटलं, हे आपल्याशी बोलतंय. सीटखाली साहेबाचं एक इंग्रजी मासिक सापडलं, त्यात सगळ्या असल्याच गाड्या. चार्जर, कमारो, शेव्हेल. भगवानला इंग्रजी वाचता येत नव्हतं. लग्नानंतर दहावी झालेल्या रमाबाईने त्याला ते एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं. नवीन जोडपी काय काय वाचतात, या दोघांनी कार्बुरेटरचं माप वाचलं.

शेठना गाडी दसऱ्याला डिझेलवर हवी होती. नवमीच्या आदल्या दिवशी भगवानने गॅस कटरने मस्टँगचे माउंट, म्हणजे इंजिन जागेवर धरणारे लोखंडी कान, कापले आणि इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढून गल्लीत, भंगारवाल्यासाठी, गटाराशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, हत्यारांना विश्रांती. गुणाजीने पांढऱ्या चादरीवर सगळे पाने, हातोड्या, पकडी मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या. भगवान आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. गुणाजी दारातच म्हणाला, "भगवान, आज तू बाहेर थांब हं. प्रसाद मी बाहेर आणून देतो."

तो रागाने म्हणाला नाही. अगदी मायेने म्हणाला, आणि त्याचाच भगवानला जास्त संताप आला. वर्षभर ज्या पान्यांनी त्याच्या हातांना घट्टे पडले होते, ते पाने त्या एका दिवसात सोवळे झाले होते. तो मागे फिरला आणि गटाराशेजारच्या इंजिनावर बसला. इंजिन बाहेर, तो बाहेर. गुणाजी केळीच्या पानावर शिरा घेऊन आला तेव्हा भगवान म्हणाला, प्रसाद नको, हे इंजिन द्या. गुणाजी हसला. म्हणाला, ने बाबा, भंगारच आहे. चार हमाल लावून भगवानने ते टेम्पोत चढवलं आणि विठ्ठलवाडीला, आज गॅरेज आहे त्या जागेवर, नेलं. त्यानंतर त्याने गुणाजीच्या गॅरेजचा उंबरठा ओलांडला नाही.

तेव्हापासून त्याने स्वतःची एक रीत पाडली. दरवर्षी खंडेनवमीला, जेव्हा कल्याणपासून ठाण्यापर्यंतची सगळी गॅरेजं बंद असतात आणि पाने झेंडूखाली झोपलेले असतात, तेव्हा भगवान गमरे पाना उचलतो. इंजिनाचे आठ प्लग काढतो, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडतो, आणि पुढच्या चाकीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवतो. बरोबर दोन फेरे. इंजिन बसून राहिलं की आतून धरतं, जाम होतं. असं फिरवलं की धरत नाही. दुसऱ्या दिवशी तो पांढरे कपडे घालून रमाबाईबरोबर विहारात जातो. बेचाळीस वर्षांत यात खंड पडला नाही. मुलाच्या जन्माच्या वर्षी दवाखान्यातून मधेच येऊन त्याने दोन फेरे फिरवले होते, आणि ते रमाबाई अजून ऐकवते.

टीपॉयवाली येऊन गेली आणि श्रावणात योगिनी आली. चाळिशीची, बाळकुमची, साईनाथ शेठची मुलगी. शेठ वारले होते, भोवतीच्या शेतांवर टॉवर उभे राहिले होते, पण भोईरांचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या शेडमध्ये मस्टँग होती. डिझेल इंजिन कधीच मेलं होतं. तिचा भाऊ सर्वेश याला त्या शेडमध्ये आपल्या नव्या बॅटरीच्या गाडीसाठी चार्जिंगची सोय करायची होती. त्याने भंगारवाला ठरवला होता. योगिनी भांडली तेव्हा त्याने अट घातली: दसऱ्याच्या आत ही स्वतःच्या मूळ इंजिनावर चालली तर ठेवू, नाहीतर जाईल. अटीत तथ्यही होतं. पन्नास वर्षांवरच्या गाडीची वेगळी नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी. पोटात टेम्पोचं इंजिन असलेल्या मस्टँगला कोण विचारतो? मूळ इंजिन कुठे गेलं हे विचारत योगिनी गुणाजीच्या गॅरेजात गेली होती आणि तिथून तिला विठ्ठलवाडीचा पत्ता मिळाला.

तिने पिशवीतून पिवळं पडलेलं नोंदणीचं पुस्तक काढलं. ती इंजिनाचा नंबर वाचायला लागणार तोच भगवान इंजिनाकडे न बघता म्हणाला, "एक सात चार शून्य दोन सहा." योगिनीने पुस्तकात बघितलं आणि खाली बसली.

किंमत विचारली तेव्हा भगवान म्हणाला, विकायचं नाही. योगिनीचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "विकणार नाही, बसवणार. मी काढलं, मीच बसवणार. पण पहिली चक्कर माझी, आणि कुठे न्यायची ते मी सांगेन."

पुढचे दोन महिने भगवानने बाळकुम आणि विठ्ठलवाडी एक केलं. इंजिन पूर्ण उघडलं, धुतलं, जोडलं. योगिनीने मोबाइलवरून थेट अमेरिकेतून रिंगा, गॅस्केटं, कार्बुरेटरचं सामान मागवलं. आपणच कापलेले माउंट भगवानने आपल्याच हातांनी पुन्हा वेल्ड केले आणि वेल्डिंग करताना स्वतःला शिव्या घातल्या. योगिनीची आई हौसाबाई रोज शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची. नवऱ्याने ही गाडी आणली त्या दिवशी ती तिच्यात बसून येऊरला गेली होती, तेवढीच तिची एक आठवण होती आणि रोज तीच सांगायची.

अष्टमीच्या दुपारी इंजिन चालू करायचं ठरलं. दसऱ्याला दोन दिवस उरले होते. योगिनी, सर्वेश, शेजारपाजारचे, वरून टॉवरच्या बाल्कन्यांतली माणसं. प्लगच्या वायरी नव्या होत्या. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची तो क्रम इंजिनावरच ओतीव अक्षरांत होता, एक, पाच, चार, दोन असा. आणि कुठल्या सिलिंडरला कितवा म्हणायचं, हे गुणाजीने भगवानला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: डाव्या रांगेत विषम, उजव्या रांगेत सम. पुढून मागे. अकरा गाड्यांवर पाठ केलेलं. त्याप्रमाणे भगवानने वायरी लावल्या आणि चावी फिरवली.

फाट्‌कन आवाज झाला आणि कार्बुरेटरमधून हातभर जाळ आला. पुन्हा फिरवली, पुन्हा जाळ. चौथ्यांदा सायलेन्सरमधून बार उडाला आणि बाल्कनीतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सर्वेश हसला नाही, पण म्हणाला, काका, तुम्ही खूप केलंत, आता राहू द्या, दसरा झाला की भंगारवाला येईल. भगवानला तो हसला असता तर बरं वाटलं असतं. हत्यारांची पेटी तिथेच टाकून तो घरी गेला.

रमाबाईने पुढ्यात ताट ठेवलं, त्याने ढकललं. काय झालं ते त्याने सांगितलं, वायरी बरोबर होत्या हे तीनदा सांगितलं. रमाबाईने विचारलं, बरोबर कशावरून? तो म्हणाला, उस्तादाने शिकवलेलं. ती भांडी आवरता आवरता थांबली.

"खंडेनवमीचं त्याचं एक ऐकलं नाहीस म्हणून आज ताठ उभा आहेस. मग दुसरं कशाला ऐकतोस? तो मिस्त्री काय म्हणतो ते सोड. तुझं इंजिन काय म्हणतंय ते बघ ना."

भगवानने ताट पुढे ओढलं आणि जेवला.

सकाळी, नवमीला, तो बाळकुमला पोचला आणि शेडकडे गेला. पेटी रिकामी होती. तो बंगल्याच्या दारात आला आणि तिथेच थबकला. दिवाणखान्यात पाटावर पांढरं कापड. त्यावर घरचा कोयता, विळी, सर्वेशचा लॅपटॉप, आणि पुढे मधोमध, पुसून स्वच्छ केलेले, हळदकुंकू लावलेले, झेंडूची माळ घातलेले भगवानचे पाने. बेचाळीस वर्षांनी पुन्हा तीच चादर, तीच फुलं, आणि पुन्हा तो दारात. 

हौसाबाईने आतून हाक मारली, "आत ये ना रं, दारान का उभा? तुझी हत्यारं पुजली मी. मना वाटला, तुझ्या हाताला यश येल."

मग तिने हेही सांगितलं, की आज त्यांना हात लावायचा नाही, उद्या. सर्वेशने मान डोलावली. उद्या तर दसरा, म्हणजे अटीचा शेवट. शिवाय दसऱ्याला भगवान विहारात असतो, आणि ते तो जगबुडी आली तरी चुकवणार नव्हता. एका म्हाताऱ्या बाईने मायेपोटी त्याच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. कोणी दुसरा असता तर गप्प बसला असता, आणि तसं गप्प बसण्याला चांगुलपणा म्हणतात.

भगवानने चपला काढल्या, उंबरठा ओलांडला आणि पाटासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"हौसाबाई, तुम्ही मला आत बोलावलंत, ते मी विसरणार नाही. पण ही हत्यारं माझी आहेत. एकदा दुसऱ्याची पुजलेली हत्यारं होती म्हणून मी बाहेर राहिलेलो. आज स्वतःच्या हत्यारांसाठी मी थांबणार नाही. आमच्यात कामाला विटाळ नसतो."

सर्वेश काहीतरी बोलायला गेला. योगिनीने त्याच्या दंडाला धरलं.  हौसाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, माळ बाजूला सारली, मोठा पाना उचलला आणि कुंकवासकट त्याच्या हातात दिला. म्हणाली, घे, मी नाय बघितला.

भगवानने गुणाजीचा धडा डोक्यातून पुसून टाकला. आठही प्लग काढले आणि आठही भोकांत वर्तमानपत्राचे घट्ट बोळे कोंबले. ज्या सिलिंडरात दाब येईल, त्याचा बोळा उडेल. मग क्रम कोणाला विचारायला नको. त्याने पुढच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हळूहळू फिरवायला सुरुवात केली. उजव्या रांगेतला पहिला बोळा फट् करून उडाला. त्याने त्या भोकाशेजारी खडूने एक लिहिलं. मग डाव्या रांगेतला पहिला, म्हणजे ओतीव क्रमातला पाच. मग उजव्यातला शेवटचा, म्हणजे चार. डावीकडे विषम, उजवीकडे सम यातलं काहीच नव्हतं. फोर्डवाल्यांनी एका रांगेत सरळ एक ते चार मोजले होते आणि दुसऱ्या रांगेत पाच ते आठ. गुणाजीने शिकवलं ते इम्पालाचं, आणि तो ते सगळ्या जगाचं म्हणून शिकवत होता. दोन फेऱ्यांत आठही बोळे उडाले. हेच दोन फेरे भगवानने बेचाळीस वर्षं फिरवले होते, पण कुठला सिलिंडर कधी बोलतो हे बघायचं त्याला सुचलं नव्हतं. उस्तादाने सांगितल्यावर कशाला बघायचं, असं त्याला वाटायचं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

त्याने खडूच्या खुणांप्रमाणे वायरी लावल्या, प्लग बसवले, आणि डाव्या बाजूच्या स्टीअरिंगमागे बसला. चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं, आणि मग लागलं. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. शेजारच्या टॉवरखाली उभ्या मोटारींचे भोंगे आपोआप केकाटायला लागले. हौसाबाईने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ती रडायला लागली. शेडच्या दारात उभ्या सर्वेशने खिशातून फोन काढून भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. त्याला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं, कारण मस्टँग त्याचं बोलणं ऐकू जाऊ देत नव्हती.

योगिनी शेजारी बसली. तिने विचारलं, कुठे न्यायची? भगवान म्हणाला, टेंभी नाक्याच्या अलीकडे. कागदपत्रांचं म्हणाल तर ती अजून व्हायची होती. पण बेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला त्या सकाळी कुठलाही हवालदार अडवू शकला नसता, आणि खरंच कोणी अडवलं नाही. सिग्नलला दुचाकीवाले फोन काढून उभे राहिले. एकाने काचेतून वाकून विचारलं, काका, किती देते? भगवानने नुसता पाय दाबला.

गुणाजीच्या गॅरेजचं आता टायरचं दुकान झालं आहे, मुलगा चालवतो. शटर अर्धं उघडं होतं. आत पांढऱ्या चादरीवर हत्यारं मांडली होती आणि बाजूला खुर्चीत अठ्ठ्याऐंशी वर्षांचा गुणाजी बसला होता. भगवानने मस्टँग बरोबर त्या गटाराशेजारी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. म्हातारा त्या आवाजानेच ताठ झाला. त्याने डोळे बारीक करून बघितलं.

"भगवान? ये रे, आत ये. आत ये ना."

हे आमंत्रण बेचाळीस वर्षं उशिरा आलं होतं. भगवान गाडीतून उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"नको उस्ताद. आज तुम्ही बाहेर या."

मुलगा चपापला.  गुणाजीने काठी चाचपली, खुर्चीचा आधार घेत उठला, चादरीला वळसा घालून, एकेक पाऊल टाकत शटरखालून वाकून गल्लीत आला. त्याला बराच वेळ लागला आणि भगवानने त्याला हात दिला नाही. म्हातारा गाडीपाशी आला तेव्हा मात्र भगवानने त्याचा हात धरला आणि गरम बॉनेटवर, आपल्या हाताशेजारी ठेवला. दोघं उभे राहिले. खालून आठही सिलिंडर एकेक करून, बरोबर आपल्या पाळीने, बोलत होते.

"डावीकडे विषम लावलेस ना?" गुणाजीने विचारलं.

"नाही," भगवान म्हणाला. "तुम्ही चुकीचं शिकवलेलं."

गुणाजीने मान खाली घातली. पण त्याने हात काढला नाही, आणि भगवाननेही नाही. योगिनी आत बसून दोघांकडे बघत होती. पाच मिनिटांनी तिने टाकीचा काटा बघितला आणि काका, पेट्रोल चाललंय, असं हळूच म्हणाली. भगवान म्हणाला, जाऊ दे.